पीथमपूरच्या कारखान्याचा विस्तार: जाहीर झालेल्या नोकऱ्या कोणाच्या आणि केव्हाच्या?

इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारींचे वायरिंग हार्नेस (गाडीभर फिरणाऱ्या विजेच्या तारांचे जुडगे) आणि त्या तारा जोडणारे प्लास्टिकचे कनेक्टर बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने इंदूरजवळच्या पीथमपुरातील आपल्या कारखान्याचा दुसरा टप्पा जाहीर केला असून त्यातून हजाराहून अधिक स्थानिक नोकऱ्या निर्माण होतील, असे वृत्तपत्रांत छापून आले आहे. त्यांच्या मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला आहे, पुतण्या आयटीआयचा फिटर आहे, आणि ओळखीचा एक ठेकेदार दोघांचेही कागद व ‘फॉर्मचे’ काही पैसे मागत आहे. या नोकऱ्या खऱ्या आहेत का, त्या आपल्या मुलांना मिळतील का आणि मिळाल्या तर टिकतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. त्यांचे वडील इंदूरच्या, पुढे बंद पडलेल्या हुकुमचंद कापड गिरणीत होते, त्यामुळे टिकण्याविषयीचा प्रश्न त्यांनी अधिक काळजीने विचारला आहे.

माझे सारे नोकरीचे आयुष्य पीथमपुरातील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, आधी उत्पादन विभागात आणि पुढे कर्मचारी विभागात गेले आहे. त्या अनुभवावरून आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. नोकऱ्या खऱ्या आहेत आणि दोघांनीही प्रयत्न अवश्य करावा, परंतु ठेकेदारामार्फत नव्हे, आणि कोणत्या कामासाठी आत जायचे हे आधी ठरवून. विस्ताराच्या काळात एकाच कारखान्याच्या एकाच फाटकातून आत गेलेली दोन मुले पाच वर्षांनी अगदी वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात, आणि तो फरक बहुधा पहिल्या नेमणुकीच्या कागदातच पडलेला असतो.

प्रथम त्या हजाराच्या आकड्याविषयी. असा आकडा कंपनीने खोटा सांगितलेला असतो असे नाही. जमीन, वीज आणि सवलती यांसाठी शासनाकडे अर्ज करताना कारखाना पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर किती माणसे लागतील याचा अंदाज द्यावा लागतो, आणि बातमीत तोच आकडा येतो. पूर्ण क्षमता म्हणजे सर्व लाइन, तिन्ही पाळ्यांत, गिऱ्हाइकाने, म्हणजे मोटार कंपनीने, कबूल केलेल्या कमाल मागणीवर चालणे, आणि त्या स्थितीला पोहोचायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. शिवाय त्या आकड्यात कायम कामगार, मुदतीच्या करारावरचे, शिकाऊ उमेदवार, ठेकेदाराची माणसे आणि पुष्कळदा कॅन्टीन, सुरक्षा व वाहतूक यांवरची माणसेही मोजलेली असतात. म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंत हजार जागा भरल्या जातील असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये.

आता हार्नेसविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण या उद्योगात माणसे इतकी का लागतात हे कळल्याशिवाय पुढचा सल्ला नीट समजणार नाही. आजच्या मोटारीत काही किलोमीटर तार असते. ती यंत्रावर कापली जाते, टोके सोलली जातात आणि त्यांवर टर्मिनल, म्हणजे धातूचे छोटे टोक, दाबून बसवले जाते, येथपर्यंतचे काम स्वयंचलित आहे. पुढे मात्र शेकडो तारा एका मोठ्या बोर्डावरच्या खुंट्यांमधून ठरलेल्या वाटेने हाताने ओवाव्या लागतात, कनेक्टरच्या नेमक्या घरात टर्मिनल ‘टक’ आवाज येईपर्यंत खोचावे लागते, टेप गुंडाळावी लागते, क्लिपा लावाव्या लागतात आणि शेवटी चेकिंग बोर्डावर प्रत्येक सर्किट तपासावे लागते. तार लवचिक असते, ती दरवेळी वेगळी पडते, म्हणून यंत्रमानवाला हे काम अजून स्वस्तात जमलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि तेथील हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा काही दिवसांतच जर्मनीतील फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांच्या असेंब्ली लाइनही थांबल्या होत्या. मोटारीतला सर्वांत हाताने बनणारा हा भाग एकाच प्रदेशात बनवून घेणे किती धोक्याचे आहे, हे तेव्हा मोटार कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना उघड दिसले.

हात लागतात याचा अर्थ कौशल्य लागत नाही असा नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. अर्धा चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर तिच्यावर दाबलेल्या टर्मिनलची उंची मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. ती थोडी जास्त राहिली तर तार सैल बसते, थोडी कमी झाली तर आतले तांब्याचे धागे तुटतात. दाबाच्या कडेला टर्मिनलला तुतारीच्या तोंडासारखा किंचित पसरट आकार यावा लागतो, म्हणजे धार तारेला कापत नाही. हे तीनही दोष नुसत्या नजरेला सहसा दिसत नाहीत, चेकिंग बोर्डावरही दिवा हिरवाच लागतो, आणि मग गाडी रस्त्यावर वर्षभर हादरे खाल्ल्यावर एक दिवस एअरबॅगचा किंवा ब्रेकचा इशारा देणारा दिवा लागतो. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, आणि टर्मिनलचे रीळ किंवा अॅप्लिकेटर (टर्मिनल दाबणारे हत्यार) बदलला की पुन्हा, नमुने काढून त्यांची उंची मायक्रोमीटरने मोजतात आणि ओढून तोडण्याची चाचणी घेतात. ही चाचणी घेणारी, नोंदी ठेवणारी, अॅप्लिकेटरचे दाबपट्टे झिजले आहेत हे आकड्यांवरून ओळखणारी मुलगी आणि बोर्डावर टेप गुंडाळणारी मुलगी एकाच छताखाली काम करतात. दोघींचेही काम कष्टाचे आणि सन्मानाचे आहे. परंतु पहिलीला दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात मागणी असते, आणि दुसरीच्या जागी दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर दुसरे कोणी उभे राहू शकते. आपल्या मुलीचा डिप्लोमा पहिल्या प्रकारच्या कामासाठी आहे. तिने ऑपरेटरच्या रांगेत उभे राहू नये, गुणवत्ता विभाग, प्रोसेस इंजिनीअरिंग किंवा क्रिम्पिंग (टर्मिनल दाबण्याच्या) टूलची देखभाल यांसाठीच अर्ज करावा.

कनेक्टरचे गणित याच्या उलट आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भाग बनवण्याच्या, शेडमध्ये यंत्रे ओळीने उभी असतात आणि तीन-चार यंत्रांमागे एक माणूस असतो, त्यामुळे तेथे भरती थोडी होते. परंतु ज्या साच्यातून कनेक्टर निघतात, तो साचा सांभाळणारे हात फार थोड्यांकडे असतात. साच्याचे दोन अर्धे बंद झाल्यावर मध्ये केसाहून बारीक फट राहिली, तरी प्लास्टिक बाहेर येते आणि कनेक्टरच्या कडेला पातळ पापुद्रा धरतो, ज्याला कारखान्यात फ्लॅश म्हणतात. तो साचा उतरवून, निळा रंग लावून, कोठे टेकतो आणि कोठे टेकत नाही हे पाहून, दगडाने हलक्या हाताने घासून बसवणारा फिटर तयार व्हायला वर्षे लागतात. आपला पुतण्या फिटर आहे. त्याने टूल रूमकडे, म्हणजे साचे बनवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या विभागाकडे, पाहावे, मोल्डिंगच्या यंत्राकडे नव्हे.

पुष्कळ परदेशी कंपन्या पहिल्या टप्प्यात साचे बाहेरून तयार आणतात आणि येथे फक्त चालवतात. टूल रूम येथे उभी राहते ती बहुधा दुसऱ्या टप्प्यात, आणि त्यामागे आता शासनाचे धोरणही आहे. वाहन उद्योगासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या २५,९३८ कोटी रुपयांच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत, लाभ घ्यायचा तर उत्पादनात किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन (म्हणजे मालाच्या किमतीचा तेवढा भाग देशातच तयार झाल्याचे) दाखवावे लागते. ही योजना ज्यांना लागू आहे त्यांनाच नव्हे, तर त्यांना माल देणाऱ्यांनाही त्यामुळे अधिकाधिक गोष्टी येथेच बनवाव्या लागतात. मुलाखतीला गेल्यावर मुलांनी नम्रपणे विचारावे की दुसऱ्या टप्प्यात टूल रूम आणि चाचणी प्रयोगशाळा येणार आहे का. उत्तर होकारार्थी असेल, तर कंपनी येथे मुळे धरत आहे असे मी समजतो. नुसती शेड आणि बोर्ड वाढत असतील, तर तो विस्तार जितक्या लवकर झाला तितक्याच लवकर आवरताही येतो.

भरतीचा क्रमही समजून घ्यावा, कारण बहुतेक घरी येथेच वेळ चुकते. शेड उभी राहते, यंत्रे येतात, मग चाचणी उत्पादन होते, नमुन्यांचे भाग कागदपत्रांसह मोटार कंपनीकडे मंजुरीसाठी जातात, ज्याला सगळे पीपॅप म्हणतात, आणि मंजुरीनंतरच नियमित उत्पादन सुरू होते. देखभाल, गुणवत्ता आणि प्रोसेसची माणसे नियमित उत्पादनाच्या सहा-आठ महिने आधी घेतली जातात, कारण यंत्रे बसवताना ती तेथे हवीच असतात. त्यांतल्या काहींना कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवतात. लाइनवरचे ऑपरेटर सर्वांत शेवटी, महिना-दोन महिने आधी भरतात, आणि भरतीची मोठी जाहिरात दिसते ती तेव्हा. म्हणजे ज्या जागा आपल्या मुलांसाठी योग्य आहेत, त्या जाहिरातीचा गाजावाजा होण्याआधीच भरलेल्या असतात. यंत्रांचे ट्रक येताना दिसू लागले की अर्ज गेलेला असावा.

आता कोणाच्या पगारपत्रकावर, हा प्रश्न. डिप्लोमाधारकांसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे, जिच्या नोंदी मध्य प्रदेशसाठी मुंबईच्या पश्चिम विभागीय मंडळामार्फत होतात, आणि आयटीआयच्या मुलांसाठी २०१६ पासूनची शिकाऊ प्रोत्साहन योजना आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, म्हणून हा मार्ग उपकाराचा नसून हक्काचा आहे. मात्र शिकाऊ उमेदवार कायद्याने ‘कामगार’ नसतो, त्याला पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. तरीही मी हाच मार्ग सुचवतो, कारण त्यात नाव थेट कंपनीच्या नोंदीत येते, विभागप्रमुखाला वर्षभर काम दिसते, आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. एकच खबरदारी घ्यावी. शिकाऊ उमेदवारीचा करार शासनाच्या पोर्टलवर नोंदला गेला आहे आणि त्याचा क्रमांक हातात आहे, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. नोंद न करता ‘ट्रेनी’ म्हणून लाइनवर उभे करणे हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे होतो.

मुदतीच्या करारावरची नोकरी पूर्वी मी कोणाला फारशी सुचवत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही कामगार संहिता लागू झाल्यापासून माझे मत काहीसे बदलले आहे, कारण आता अशा कामगाराला एक वर्ष पूर्ण केल्यावरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, त्याच कामावरच्या कायम कामगाराइतकेच लाभ द्यावे लागतात, आणि नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे तेवढे मात्र वाचावे. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याला कोणत्या आस्थापनेच्या नावे रक्कम जमा होते यावरून खरा मालक कोण, हे निर्विवाद कळते. पगारातून १२ टक्के कापले जात असतील आणि पासबुकात तितकीच भर मालकाकडून पडत नसेल, तर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता कर्मचारी विभागाकडे लेखी विचारावे.

ठेकेदाराला पैसे देऊ नयेत. नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेणारी कोणतीही चांगली कंपनी मी पाहिलेली नाही, आणि ‘वर द्यावे लागतात’ हे वाक्य कानावर आले की बोलणे तेथेच थांबवावे. आधारची प्रत आधीच दिली असेल, तर पीएफच्या संकेतस्थळावर मुलांच्या नावे पीएफचा एखादा खाते क्रमांक त्यांच्या नकळत उघडला गेला आहे का, एवढे तपासून पाहावे. एका क्रमांकावर दुसऱ्याची नोकरी दाखवली गेली की पुढे निस्तरायला महिने जातात.

‘स्थानिक’ या शब्दाने इंदूरकरांची पुष्कळदा निराशा होते. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने असे ठरवले की सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ७० टक्के रोजगार राज्यातील रहिवाशांना द्यावा. येथे स्थानिक म्हणजे मध्य प्रदेशचा, इंदूरचा नव्हे. पीथमपूर तर धार जिल्ह्यात आहे, आणि सागोर, बेटमा, महू या पट्ट्यातली मुले फाटकाजवळ राहतात, कमी भाड्यात भागवतात आणि रात्रपाळीला वेळेवर येतात. आपल्या मराठी घरांतून मुलांना राऊच्या पुढे पाठवायला आईवडील कचरतात, हेही मी वारंवार पाहिले आहे. आपल्याकडची चार-पाच दशके जुनी कुटुंबेही मूल निवासी (राज्याचे रहिवासी असल्याचे) प्रमाणपत्र काढून ठेवत नाहीत, कारण घर इंदूरचेच आहे हे सर्वांना माहीत असते. कंपनीला ते माहीत नसते. ते प्रमाणपत्र आधी काढावे.

मुलीच्या बाबतीत रात्रपाळीचा विचार घरात मोकळेपणाने व्हावा. नव्या संहितेनुसार स्त्रियांना रात्रीच्या पाळीत त्यांच्या संमतीने काम देता येते आणि सुरक्षितता व वाहतूक यांची जबाबदारी मालकावर असते. गुणवत्ता विभागात पहिल्या वर्षात एखादी तरी रात्रपाळी येतेच, आणि साधारण तेथेच खरे शिकायला मिळते, कारण रात्री निर्णय घ्यायला वरचा अधिकारी शेजारी नसतो. कंपनीची बस राजेंद्रनगर किंवा अन्नपूर्णेपर्यंत घरपोच येते की फक्त राऊ चौकात सोडते, हे विचारून घ्यावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले तर मुलीला अडवू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता टिकण्याविषयी. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद झाली आणि ५,८९५ कामगारांच्या देण्यांपैकी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द व्हायला डिसेंबर २०२३ उजाडले. ज्या घराने ते पाहिले, त्याला कारखान्याच्या नोकरीविषयी धास्ती वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि मी ती धास्ती हसण्यावारी नेणार नाही. मोटार उद्योगातही असे होते. हलोल येथील जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला आणि पुढे तो एमजी या दुसऱ्या मोटार कंपनीकडे गेला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जर्मनीच्या झेडएफने जुलै २०२४ मध्ये सांगितले की २०२८ च्या अखेरपर्यंत जर्मनीतील ११,००० ते १४,००० पदे कमी होतील. म्हणजे कंपनी मोठी आणि परदेशी आहे, एवढ्याने काहीच ठरत नाही.

ठरते ते दोन गोष्टींवर. पहिली गोष्ट गिऱ्हाईक. पीथमपुरात ट्रक, बस आणि व्हॅन बनतात, प्रवासी मोटारींची मोठी असेंब्ली येथे नाही. त्यामुळे हा कारखाना शेजारच्या ट्रक-बसवाल्यांना माल देणार, पुणे-गुजरातच्या मोटार कंपन्यांना देणार की निर्यात करणार, हे विचारावे. मोटारीच्या एका मॉडेलचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे असते, आणि साचे बहुधा मोटार कंपनीच्या मालकीचे असतात. मॉडेल संपले किंवा गिऱ्हाईक फिरले, तर साचे ट्रकमध्ये चढतात आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे जातात. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला कारखाना म्हणूनच जोखमीचा, आणि दोन-तीन गिऱ्हाइके व थोडी निर्यात असलेला बराच सुरक्षित. पीथमपूरला निर्यात जमते याविषयी मला शंका नाही. व्हॉल्वो-आयशरचा येथील इंजिन कारखाना २०१३ पासून युरोपच्या मानकांची इंजिने व्हॉल्वो समूहाला देत आला आहे, आणि ब्रिजस्टोनचे टायर येथे १९९८ पासून बनत आहेत.

दुसरी गोष्ट उत्पादन. विजेवरच्या गाड्यांमुळे इंधन इंजेक्शन, पिस्टन, सायलेन्सर यांच्या कारखान्यांना चिंता आहे, हार्नेसला तितकी नाही. इंजिनाचा हार्नेस जाईल, पण नारिंगी आवरणाच्या, विजेच्या उच्च दाबाच्या केबल वाढतील, आणि त्या बसवायला अधिक प्रशिक्षित, सुरक्षेचे नियम जाणणारी माणसे लागतील. दुसरीकडे, गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स विभागवार बसवण्याची नवी रचना येत आहे. तिने तारांची लांबी घटेल, हार्नेसचे तुकडे लहान होतील आणि तेव्हा बोर्डावरच्या हातकामाचा काही भाग यंत्राकडे जाईल. बोर्डावरची जागा त्यामुळे दहा वर्षांनी आजच्याइतकी राहील असे मी कोणालाही सांगणार नाही. चाचणी, टूल आणि देखभाल यांच्या जागा राहतील, कारण यंत्रे वाढली की ती सांभाळणारेही वाढतात.

पुतण्याविषयी एक शेवटची गोष्ट. त्याचे वय लहान असेल आणि घरची ओढाताण नसेल, तर कंपनीत अर्ज करतानाच सांवेर रोडच्या इंडो जर्मन टूल रूममध्येही चौकशी करावी. तेथे टूल आणि डाय मेकिंगचा दीर्घ डिप्लोमा आहे, आणि आधीच आयटीआय झालेल्यांना सीएनसी व साचेकामाचे छोटे अभ्यासक्रमही घेता येतात. कंपनीने त्याला मोल्डिंगच्या लाइनवरच नेमले, तरी तो सुट्टीच्या दिवशी असा एखादा अभ्यासक्रम करू शकेल, आणि वर्षभरात टूल रूममध्ये बदली मागताना त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असेल. बदलीचा अर्ज पाळीच्या सुपरवायझरकडे तोंडी न देता लेखी, टूल रूमच्या प्रमुखाच्या नावे आणि कर्मचारी विभागाला प्रत देऊन करावा.